छापील क्षमा

लोणंद
३ ऑगस्ट २०२५

आई,

वर ‘तीर्थरूप’ लिहायचं होतं, पण हात वळला नाही. चार वर्षांत तू माझा फोन उचललेला नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंयस, आणि आर्जवच्या मुलाच्या बारशाचं बोलावणं मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, सोडून सगळ्या भावकीला गेलं. एवढं झाल्यावर एकदम साष्टांग नमस्कार घालायचा म्हणजे जरा जडच जातं. तरी पत्र लिहितेय. टपालानं आलेलं पाकीट तू न उघडता ठेवत नाहीस एवढं मला माहीत आहे. इतकी वर्षं हेडबाई होतीस, ती सवय काही सुटायची नाही.

मी बरी आहे. ज्याचं नाव तू घेत नाहीस तोही बरा आहे. मल्हार शिरवळच्या कंपनीत जातो, पाळी बदलते, झोप पुरत नाही, बाकी ठीक. ‘धनगराच्या पोरासाठी आईला सोडलंस’ असं तू म्हणाली होतीस. त्याच्यावर मी काही बोलणार नाही आज.

कामाचं लिहिते. आमच्या शाळेत एक बाई आहेत, त्यांना स्टाफमध्ये जरा त्रास होतोय, तर तुझा सल्ला घ्यावा म्हणून

नाही. हे वाक्य खोडत नाही, तसंच अर्धं ठेवते. लिहिताना माझी काय गत झाली ते तुला कळू दे. ती बाई मीच आहे.

लोणंदच्या बाजूला एका हायस्कूलात मी मराठी शिकवते. शिक्षणसेवक म्हणून तिसरं वर्ष चाललंय. नोव्हेंबरात ते संपलं की मला कायम करायचा प्रस्ताव जाईल. त्याच्यावर पर्यवेक्षिकेचा शेरा लागतो, हे तुला मी काय सांगायचं! आमच्या पर्यवेक्षिका रासकर मॅडम. आणि रासकर मॅडमना मी नको आहे. का नको, ते मला अजून कळलेलं नाही. मागच्या स्नेहसंमेलनात मुलींनी त्यांनी दिलेली नाटिका न करता मी लिहिलेली केली, तेवढं एक आठवतं.

मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्याजणी एकत्र जेवतो. डबे उघडायचे, भाज्यांच्या वाट्या मधे सरकवायच्या, जिला जे हवं ते घ्यायचं. माझ्या डब्यात जैन रिवाजानं कांदा-बटाटा नसतो. हो, अजून नसतो. तुला खोटं वाटेल, पण मल्हार बाहेर काय खायचं ते खातो, घरात माझंच चालतं. पहिली दोन वर्षं माझी वाटी सगळ्यांत आधी रिकामी व्हायची. यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाली, मी वाटी मधे सरकवली, तर रासकर मॅडमनी तिच्यावर झाकण ठेवलं आणि हलकेच माझ्याकडे परत लोटली. “असू दे हो कोळेकर मॅडम, तुमचं पवित्र अन्न आम्ही कशाला बाटवायचं?” हसून म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मीपण हसले, खुळी. त्या दिवसापासून माझ्या वाटीला कुणी हात लावलेला नाही. भांडण नाही, शिवी नाही. वाटी भरलेली जाते आणि भरलेली घरी येते.

एवढ्याशा गोष्टीला काय रडायचं, असं तू म्हणशील. मग बाकीचंही ऐक. कुणी रजेवर असलं की त्यांचा तास माझ्या अंगावर. माझा ऑफ तास म्हणून काही उरलेलाच नाही. पाठ निरीक्षणाला मॅडम न सांगता वर्गात येतात, मागच्या बाकावर बसतात, आणि मी कविता शिकवत असताना मधेच उठून पोरांना विचारतात, “काय रे, कळतंय का काही? की बाईंची तयारी झालेली दिसत नाही आज?” आता पोरंपण तसं म्हणायला लागलीत. मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबतं. शाळेच्या फाटकापाशी पोचले की माझ्या तळहाताला घाम येतो, आई. मला, जिला तू ‘तोंडाळ’ म्हणायचीस.

मला सल्ला हवाय, आणि तो तुझाच हवाय. का, ते आज लिहायला धीर होत नाही.

प्रियदर्शनी


लोणंद
१७ ऑगस्ट

आई,

तुझं पत्र नाही. धरून चालले होते.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला गेले तर सगळ्या बायका मोरपंखी साडीत. मी एकटी पांढऱ्यात. साड्यांचं ग्रुपवर ठरलं होतं म्हणे. कुठल्या ग्रुपवर? मग कळलं, महिलांचा एक वेगळा ग्रुप आहे, त्यात मी नाही. फोटोची वेळ आली तर रासकर मॅडम म्हणाल्या, “कोळेकर मॅडम, तुम्हीच काढा फोटो. तुमचा हात स्थिर आहे.” मी मोबाइल घेतला आणि काढला. एक हललाय म्हणून परत काढायला लावला.

यंदाच विज्ञानाला समीक्षा म्हणून एक पोरगी आलीय, जतकडची. तिला कुणीतरी आयत्या वेळी मोरपंखी ओढणी दिली होती. फोटो झाल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, तुमच्यासंगं असं का वागत्यात ह्या?” मी म्हटलं, काही नाही गं, तुला वाटतंय तसं. आता बोल. मी मलाच खोटं पाडलं.

त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे गेले. भोइटे सर माणूस वाईट नाही, फक्त त्यांना दीड वर्षात निवृत्त व्हायचंय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम जरा कडक आहेत, पण मनानं लय चांगल्या. तुम्ही थोडं मिसळत चला सगळ्यांच्यात.” मिसळत चला! ज्याच्या वाटीवर झाकण ठेवलं त्या माणसानं कुठं मिसळायचं?

मल्हारला सांगितलं तर तो उठलाच. “मी येतो उद्या शाळंत. बघतो कोण हाय ती रासकरीण. तू कशाला ऐकून घेतीस गं?” त्याला बसवता बसवता नाकी नऊ आले. तो शाळेत येऊन बोलला तर वर्षभर पुरेल एवढा मसाला मिळेल त्यांना.

आता तुझाच सल्ला का, ते.

दिवस मावळायच्या आत आपली जेवणं व्हायची, आणि जेवताना तू शाळेतल्या गमती सांगायचीस. “आज मीटिंगला परत एक खुर्ची कमी पडली,” तू म्हणायचीस, आणि बाबा ओठ दाबून हसायचे. कमी पडणारी खुर्ची कायम अर्जुना बाईंचीच असायची. सगळा स्टाफ बसलेला आणि त्या एकट्या भिंतीला टेकून उभ्या, वही हातात धरून. कुणाचे बदली तास गेले, कुणाच्या वर्गात तू मागच्या दारानं शिरलीस, सगळं तू रंगवून सांगायचीस. त्यांचं बोलणं तर तू हुबेहूब करायचीस, “न्हाई वं बाई, मला ठावं न्हवतं वं.” आर्जव हसून लोळायचा. मल्हार आपल्या घरी पहिल्यांदा बोलला तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ना, ते मी ओळखलं होतं. तुला अर्जुना बाईच आठवल्या.

म्हणून रासकर मॅडमनी झाकण ठेवलं तेव्हा बाकीच्यांना ती थट्टा वाटली असेल, मला नाही वाटली. मी घरात हेच ऐकत वाढले.

आता प्रश्न. अर्जुना बाईंनी काय केलं असतं म्हणजे तू थांबली असतीस? रडल्या असत्या तर? तुझ्या तोंडावर बोलल्या असत्या तर? संस्थेकडे तक्रार केली असती तर? मला खरं उत्तर दे. हा टोमणा नाही. म्हणजे आहे, पण नुसता टोमणा नाही. माझी नोकरी जायची वेळ आलीय आणि ह्या विषयातलं माझ्या ओळखीचं जाणकार माणूस तू एकटीच आहेस.

प्रियदर्शनी


लोणंद
३१ ऑगस्ट

आई,

गुरुवारपासून दशलक्षण पर्व सुरू झालंय. इथं जवळपास दर्शनाला जायला बस्ती नाही, म्हणून घरातच दिवा लावते आणि दहा दिवस एक वेळ जेवते. मल्हार म्हणतो, “आईनं टाकलं तरी आईचा उपास सुटंना तुझा.” मी म्हटलं, उपास आईचा नाही, माझा आहे.

परवाच्या मीटिंगमध्ये एक नवलच झालं. तासांचं वाटप चाललं होतं आणि समीक्षा उठून म्हणाली, “सर, रोज कोळेकर मॅडमनाच बदली तास का? सगळ्यांना सारखं वाटा की.” तीन महिने झालेली पोरगी, स्वतःची नोकरी तासिकेवरची, आज आहे उद्या नाही, आणि ती उभी राहून बोलली. रासकर मॅडम तिच्याकडे बघून गोड हसल्या. “विज्ञानाची माणसं. त्यांना प्रश्न पडायचेच.” बस्स. मी मान खाली घालून तासांचे आकडे वहीत उतरवले. मला बोलायचं होतं.

आणि काल भोइटे सरांनी बोलावलं. रासकर मॅडमना तालुक्याच्या एका मंडळाचा ‘गुणवंत शिक्षिका’ पुरस्कार मिळालाय. शिक्षक दिनाला यंदा सुट्टी आहे, म्हणून आदल्या दिवशी शाळेत सत्कार. “मानपत्र तुम्ही लिहायचं आणि तुम्हीच वाचायचं. तुमची भाषा गोड आहे. मॅडमनी स्वतः तुमचं नाव सुचवलंय.” सरांना वाटलं, मला आनंद होईल. बघा, मिटलं की नाही सगळं, असा त्यांचा चेहरा.

तुझ्या सेवापूर्तीला मानपत्र कुणी वाचलं, आठवतंय? मी पहिल्या रांगेत बसले होते, तुझी जांभळी इरकल नेसून. अर्जुना बाईंनी वाचलं. मायेची सावली, ज्ञानाची पाणपोई, शिस्तीचा दीपस्तंभ. वाचताना त्यांचा आवाज कापत होता आणि लोकांना वाटलं, गहिवर आलाय. मलाही तसंच वाटलं. घरी आल्यावर तू हार काढत बाबांना म्हणालीस, “तिच्याच तोंडून वदवून घेतलं. आता कुठं काही बोलायची सोय राहिली नाही तिला.”

तेव्हा मला ते कळलं नव्हतं. काल सरांच्या केबिनमध्ये कळलं. मी वाचलं की माझी तक्रार मेली. उद्या कुठंही गेले तरी लोक म्हणणार, अहो, तुम्हीच तर त्यांना माउली म्हणालात माइकवरून. आणि नाही वाचलं तर शेरा मेला. ‘काम समाधानकारक’ हे दोन शब्द त्या बाईच्या पेनात आहेत आणि मला ते हवेत. मल्हारची कंपनी कधी बंद पडेल सांगता येत नाही. दुसरी शाळा कुठं मिळतेय आता?

वाचू का नको, एवढं तरी सांग. फोन करायचा नसेल तर आर्जवला करायला सांग. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हण, मी बाकी काही विचारणार नाही.

प्रियदर्शनी


लोणंद
१४ सप्टेंबर

आई,

वाचलं.

चांगलं वाचलं. माझं वाईट होत नाही, तू शिकवलंयस, शब्द तोडायचा नाही, शेवटच्या रांगेकडे बघून वाचायचं. पुरस्काराच्या मंडळाचे लोक डोळे पुसत होते. रासकर मॅडमनी स्टेजवर मला मिठी मारली, आणि त्यांच्या डोळ्यांतही खरंच पाणी होतं. हे मला सगळ्यांत भयंकर वाटलं. त्यांना ते सगळं खरं वाटत होतं.

पर्व संपलं, सोमवारी मी परत डबा घेऊन गेले. वाटी मधे सरकवली नाही, आपल्यापुढंच ठेवली. मॅडमनी हात लांब करून तीच वाटी ओढली आणि पहिला घास माझ्या भाजीचा घेतला. “अय्या, दोडक्याची! कशी करता हो, सांगा की आम्हाला.” मग सगळ्यांचे हात आले. वाटी क्षणात साफ. संध्याकाळी त्या महिलांच्या ग्रुपमध्ये माझं नाव आलं आणि खाली फुलांचे ढीग.

मला आनंद झाला, आई. हे तुला लिहायची लाज वाटते. इतकी वाईट वागणूक सोसली आणि एक घास कुणी घेतला तर मी हरखून जावं? घरी जाऊन मल्हारला रिकामी वाटी दाखवली. त्यानं ती घासायला टाकली.

आणि परवा तुमचं कार्ड आलं.

चार वर्षांनी माझ्या माहेरहून पोस्टमन काहीतरी घेऊन आला म्हणून मी हात न पुसताच फोडलं. ‘क्षमावाणी. मन-वचन-कायेने जाणते-अजाणतेपणी आमच्याकडून आपले मन दुखावले असल्यास उत्तम क्षमा. समस्त मगदूम परिवार.’ सोनेरी अक्षरं, खाली प्रिंटिंग प्रेसचं नाव. पत्ता आर्जवच्या हातचा. माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही, ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही, आणि दुकानदारांना, डॉक्टरांना, चुलत्या-मामांना जी क्षमा जाते तीच छापील क्षमा मला!

तुझं हे मी लहानपणापासून बघतेय. पर्व संपलं की तू स्टाफरूममध्ये जाऊन सगळ्यांना हात जोडायचीस. अर्जुना बाईंपुढंही. बाकीच्यांना केवढं कौतुक, हेडबाई असून कशा वाकतात! हेडबाईंनी हात जोडल्यावर त्या बिचारीनं काय म्हणायचं? “क्षमा, क्षमा बाई, आवं तुमी कशाला.” झालं. तुझी पाटी कोरी. दुसऱ्या दिवशी मीटिंग, आणि खुर्ची परत कमी. आपला धर्म इतका स्वस्त नाहीये, आई. मागायचीच असेल तर अर्जुना बाईंच्या घरी जा, एकटी जा, आणि कशाबद्दल ते नाव घेऊन माग. मग मला कार्ड पाठव.

मी रागात आहे. हे पेटीत टाकीन की फाडीन, ठरलेलं नाही.

प्रियदर्शनी


सांगली
२२ सप्टेंबर

चि. प्रियदर्शनी,

तुझी चारही पत्रे मिळाली. कार्डे आर्जव दरवर्षी यादीवरून पाठवतो. तुझे नाव यादीतून कुणी काढलेच नव्हते. मी पाहिले नव्हते.

मानपत्र वाचू का, असे तू विचारलेस. मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. ‘वाच’ म्हणाले असते तर मी तुला अर्जुनासारखे उभे केले असते, आणि ‘नको’ म्हणाले असते तर नोकरी गेल्यावर तू माझ्या नावाने खडे फोडले असतेस. म्हणून बोलले नाही. हा शहाणपणा नव्हे, भित्रेपणा आहे, हे मला कळते.

तू सूड उगवायला लिहितेस असे आधी वाटले. तुझा स्वभाव माझ्यावर गेला आहे, टोचल्याशिवाय तुला चैन पडत नाही. शाळा चालवायची तर कडक व्हावे लागते आणि अर्जुनाचे काम ढिले होते, असे मी लिहायला बसले होते. काम ढिले नव्हते. ती आली तेव्हा मुले तिच्या मागे मागे फिरत, ते मला बघवत नव्हते.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देते. अर्जुना रडली असती तर मला तिची कीव आली नसती, चीड आली असती. उलट बोलली असती तर मला तेच हवे होते. तक्रार केली असती तर संस्थेचे लोक चौकशीला येऊन आधी माझ्याकडेच चहा प्यायले असते. तिने काहीही केले असते तरी मी थांबले नसते. थांबवणे तिच्या हातात नव्हतेच, म्हणून तूही काय चुकले म्हणून डोके फोडू नकोस.

खुर्ची कमी पडे तेव्हा मी सगळ्या स्टाफवर नजर फिरवत असे. कुणी उठून आपली खुर्ची तिला देते का, किंवा तिच्या शेजारी जाऊन उभे राहते का, हे बघत असे. एकाने जरी केले असते तरी मी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने खुर्ची आणवली असती. मला तिची भीती नव्हती, बाकीच्यांची होती. इतक्या वर्षांत कुणी उठले नाही. सगळी चांगली माणसे होती.

आता तुझी वाटी रिकामी होते म्हणून हुरळून जाऊ नकोस. तुला आत घेतले आहे. आत घेतले की पुढचे कोण, ते तुझ्या देखत ठरेल. तुला कुणी विचारणार नाही. तू हसतेस का, एवढेच बघतील.

अर्जुनाकडे जा म्हणून लिहिलेस. मी जाणार नाही. गेले तर ती उठून उभी राहील आणि क्षमाच करील. दुसरे काही करायची सवय आम्ही तिला ठेवली नाही. ते मला बघवणार नाही.

दहा दिवस धरतेस, हे वाचून बरे वाटले. पित्ताचा त्रास तुला लहानपणापासून आहे, सांभाळून कर. घरी जावयांना नमस्कार लिहावा का, हे मला ठरवता येत नाही. तू ठरव.

आई


लोणंद
१२ ऑक्टोबर

आई,

नमस्कार मी मल्हारला सांगितला. तो म्हणाला, “मला?” आणि मग उगाच पंख्याची धूळ पुसत बसला.

तुझं पत्र येऊन दोन आठवडे होतात न होतात तोच ते झालं. म्हणजे तू सांगितलं नव्हतंस, मला कळलं नव्हतं, असं म्हणायची सोयसुद्धा मला राहिलेली नाही.

मीटिंगमध्ये प्रश्न विचारला तेव्हापासून समीक्षाचे दिवस भरलेच होते. माझे सगळे बदली तास हळूहळू तिच्याकडे गेले. मी ते बघत होते. मला ऑफ तास मिळायला लागले होते, वह्या शाळेतच तपासून व्हायच्या, घरी जाऊन आडवं पडता यायचं. मी बघत होते आणि गप्प होते. मग ती खिडकीपाशी, स्टुलावर एकटी जेवायला लागली.

मंगळवारी सगळ्या जेवत होतो आणि रासकर मॅडमनी तिची नक्कल केली. “व्हय मॅडम, न्हाई मॅडम, म्या न्हाई वं मॅडम.” मान वाकडी करून, डोळे मोठे करून. टेबल हसलं. समीक्षा तिथंच, हाताच्या अंतरावर. मॅडमनी सगळ्यांकडे एक नजर फिरवली. ती माझ्यावर आली आणि थांबली.

आई, मी हसले.

फार नाही. पण दात दिसले माझे, आणि समीक्षानं ते पाहिले. तिच्या घशात घास होता. ती पाणी प्यायली.

घरी येऊन मल्हारला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, माहीत नाही, पण पोटात ठेवता येईना. तो ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, “म्हंजी ती माझ्यासारखीच बोलती व्हय?” त्यानं भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. चार वर्षांत तो माझ्यावर रागावलाय, ओरडलाय, पण असा कधी बसला नव्हता. तुला सोडून मी ज्याच्यामागं आले त्याच्या भाषेला मी हसले, आणि तेही एका सहीसाठी.

दुसऱ्या दिवशी डबा उचलला आणि खिडकीपाशी गेले. एक खुर्ची ओढली, समीक्षाच्या शेजारी बसले. वाटी तिच्यापुढं केली. मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा काहीतरी बोलेल. तिनं माझ्याकडे नीट बघितलं. शांतपणे डबा बंद केला. “तुमी तिकडंच बसा मॅडम. तिकडं बरं हाय तुमाला,” म्हणाली, आणि उठून वर्गात निघून गेली.

सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. रासकर मॅडम म्हणाल्या, “काय झालं हो, इकडं वारा येत नाही का?” मी म्हटलं, “नाही येत.” एवढंच सुचलं. मग तिथंच एकटीनं जेवले.

गुरुवारी तेच. शुक्रवारी ती मला येताना बघूनच उठली. शनिवारी बदली तासांचा कागद लागला, त्यात माझं नाव परत सुरू झालंय, पण समीक्षाचंही कमी झालेलं नाही. महिलांच्या ग्रुपमधून मी गेलेय, कुणी काढलं ते दिसतं. भोइटे सरांनी बोलावून विचारलं, “आता तर सगळं छान चाललं होतं, मॅडम?” प्रस्ताव दिवाळीनंतर जाणार आहे. त्यावरचा रकाना कोरा आहे असं क्लार्क म्हणाला. माझी नोकरी राहील असं मला वाटत नाही. मल्हारला तसं सांगितलंय. तो म्हणाला, बघू.

तू लिहिलंस, एकानं उठायला हवं होतं. उठल्यावर काय होतं ते तुलाही माहीत नाही, कारण तुझ्या शाळेत कुणी उठलंच नाही. मी सांगते. काही होत नाही. उशिरा उठलं तर ज्याच्यासाठी उठलो तोही निघून जातो, आणि त्याचं बरोबर असतं. मी तिला क्षमा मागितलेली नाही. मागितली तर ती बिचारी देऊन मोकळी होईल, आणि मला तेवढ्यावर सुटायचं नाहीये.

मला भीती वाटते, आई.

उद्या सोमवार. मी खिडकीपाशीच बसणार आहे. ती उठून गेली तरी मी उठणार नाही.

प्रियदर्शनी